वरूडच्या नद्या आणि सरकारी साह्याची मुदत

नदीखोऱ्याच्या पुनरुज्जीवनासाठीं सरकार जें साह्य देतें त्याची मुदत किती असावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकावयास रूक्ष आहे, आणि शहरांत राहणाऱ्या कुटुंबांस तो कचेरींतला कागद वाटला तर नवल नाहीं. तथापि अमरावती शहराच्या नळांतून येणारें पाणी ज्या नदीचें आहे, आणि नागपुरी संत्रें म्हणून जें फळ घरोघरीं जातें तें ज्या भूमींत पिकतें, त्या नदीचें व त्या भूमीचें भवितव्य या मुदतीशीं निगडित आहे. म्हणून हा विषय मी वरूड तालुक्याच्या उदाहरणानें मांडणार आहें. माझें सारें आयुष्य या तालुक्यांत शाळामास्तरकी करण्यांत गेलें. तेव्हां उदाहरणासाठीं दूर जाण्याचें मला कारण नाहीं.

वरूड हें अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यांतील तालुक्याचें ठिकाण. उत्तरेस सातपुडा, आणि त्याच्या माथ्यावर मध्यप्रदेशांतील मुलताईचें पठार. या पठाराची मौज अशी कीं, तेथें उगम पावणारी तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळते. आणि त्याच पठाराच्या अंगावरून निघालेली वर्धा दक्षिणेकडे वळून, पुढें वैनगंगेशीं एक होऊन, प्राणहिता या नांवानें गोदावरींत जाते व बंगालच्या उपसागरास पोंचते. वर्धा ही आमच्या बाजूची पूर्वेकडील शीव. पलीकडे नागपूर जिल्हा लागतो. वरूड गांवाजवळून चुडामणी वाहते, आणि तिच्यासारखे कितीतरी लहानमोठे नदीनाले सातपुड्याच्या उतारावरून धांवत येऊन अखेर वर्धेस मिळतात.

शाळेंत मुलांस नदीची व्याख्या विचारली म्हणजे ‘वाहतें पाणी’ असें उत्तर येतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु दिवाळी उलटून गेल्यावर, आभाळांत ढगाचा ठिपकाहि नसतांना, नदींत जें पाणी दिसतें तें कोठून येतें? तें कांठच्या जमिनींत मुरलेलें पाणी हळूहळू पाझरून आलेलें असतें. कांठच्या विहिरींतील पाण्याची पातळी नदीच्या तळापेक्षां उंच असेल तोंवर जमीन नदीस पाणी पुरविते. ती पातळी तळाखालीं गेली कीं नदी आटते, आणि वरून वाहत आलेलें पाणीहि कांठच्या जमिनी शोषून घेतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नदीचें पुनरुज्जीवन म्हणजे पात्र रुंद करणें किंवा घाट बांधणें नव्हे. तिच्या साऱ्या खोऱ्यांतील विहिरींची पातळी वर आणणें हेंच नदीचें पुनरुज्जीवन होय.

हीच नदी कोपली म्हणजे काय होतें हें १९९१ सालच्या ३० जुलैस दिसलें. वर्धेच्या पुरानें पलीकडच्या तीरावरील मोवाड हें गांव उद्ध्वस्त केलें. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. अतिवृष्टि कोणासहि थांबवितां येत नाहीं, हें खरें. परंतु उन्हाळ्यांत कोरडी आणि पावसाळ्यांत उद्दाम, हे नदीचे दोन निरनिराळे दोष नव्हेत. उतारावरची माती व झाडोरा टिकला नाहीं म्हणजे जें पाणी मुरावयाचें तेंच धांवूं लागतें.

आतां जमिनीच्या पोटांत काय आहे तें पाहूं. वऱ्हाडाचा पुष्कळसा भाग ज्वालामुखीच्या काळ्या कातळाचा आहे. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं चिरा पडलेला मांजऱ्या खडक, आणि त्याखालीं अभेद्य कातळ. वाळूच्या थरांत पाणी जसें भरपूर राहतें तसें या खडकांत राहत नाहीं. भूजल मोजणारे शास्त्रज्ञ या जातीच्या खडकासाठीं दोन आंकडे धरून चालतात. पडलेल्या पावसापैकीं सुमारें ७ टक्के पाणी खालीं मुरतें, हा पहिला. आणि खडकाच्या शंभर भागांतून उपसून मिळण्याजोगें पाणी सुमारें २ भागच असतें, हा दुसरा. वरूडकडे वर्षाचा पाऊस साधारण ८५० मिलिमीटर धरिला, तर त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारें ६० मिलिमीटर पाणी जमिनींत उतरतें. खडकांत जागा थोडी असल्यानें एवढ्याशा पाण्यानें विहिरींची पातळी तीन मीटर चढते. ऐकणारास वाटेल, हें तर उत्तमच झालें! पण हीच गोष्ट उलट वाचावी. ६० मिलिमीटर पाणी उपसलें कीं पातळी तीन मीटर उतरते. ज्या तिजोरींत मुळींच थोडें मावतें, ती भरते लवकर आणि रिकामीहि लवकर होते.

या तिजोरीवर संत्र्याचा भार पडला. नागपूरकर भोसल्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून संत्र्याचीं रोपें आणिलीं असें सांगतात. तेथून हें झाड वर्धा ओलांडून आमच्या काळ्या जमिनींत आलें आणि असें रुजलें कीं वरूडास लोक विदर्भाचें कॅलिफोर्निया म्हणूं लागले. शेंदूरजना घाट येथील रोपवाटिकांतून जंबेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमा दूरदूरच्या प्रांतांत जातात. या फळानें तालुक्यांत पक्कीं घरें उभीं केलीं, मुलांना कॉलेजांत पाठविलें. तेव्हां संत्र्याची निंदा करणें हें माझ्यासारख्या माणसास शोभणार नाहीं. माझ्या वर्गांतलीं निम्मी-अधिक मुलें संत्र्याच्या उत्पन्नावरच शिकलीं.

मात्र या झाडाचा एक स्वभाव शहरांतल्या वाचकांस माहीत नसतो. संत्र्यास बहार येण्यापूर्वीं ताण द्यावा लागतो, म्हणजे कांहीं आठवडे पाणी तोडून झाडास उपाशी ठेवावें लागतें. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यांत पडतो व फूल पावसाबरोबर येतें; तें फळ पावसाळी ओलीवर वाढतें. आंबिया बहाराचें तसें नाहीं. त्याचा ताण डिसेंबर-जानेवारींत, फूल जानेवारी-फेब्रुवारींत, आणि कोंवळें फळ झाडावर असतांना एप्रिल व मे यांची होळी. म्हणजे विहीर जेव्हां सर्वांत खालीं जाते नेमकें तेव्हां या बहारास पाणी सर्वांत अधिक लागतें. पाणी चुकलें तर फळ गळतें. महिना चुकलें तर झाडच वाळतें, आणि वाळलेलें झाड पुन्हां उभें करावयास सहा-सात वर्षें जातात. २०१९ च्या उन्हाळ्यांत वरूड व मोर्शी तालुक्यांत बागाच्या बागा वाळून गेल्या, लोकांनीं त्या कापून सरपणास घातल्या. ज्यांनीं तें पाहिलें त्यांस आंकड्यांची जरुरी नाहीं.

तरी मास्तराचा स्वभाव. एक त्रैराशिक मांडल्यावांचून राहवत नाहीं. सहा मीटर अंतरानें लाविलेल्या बागेंत एका हेक्टरांत २७७ झाडें बसतात. ठिबक नळीनें, काटकसरीनें, झाडास दररोज शंभर लिटर पाणी दिलें असें धरूं; मोठ्या झाडास भर उन्हांत याहून अधिकच लागतें. उन्हाळ्याचे १२० दिवस धरिले तर एका हेक्टरास सुमारें ३३ लाख लिटर पाणी झालें. आतां, पावसाचें जें ६० मिलिमीटर पाणी मुरतें तें एका हेक्टरावर किती? सहा लाख लिटर. म्हणजे बागेच्या एका हेक्टरास साडेपांच हेक्टरांत मुरलेलें पाणी हवें. गांवाच्या शंभर हेक्टर शिवारांत अठरा हेक्टरांहून अधिक बाग झाली, कीं माणसाच्या पिण्याचें, गुराढोरांचें आणि गव्हा-हरभऱ्याचें पाणी बाजूस ठेवलें तरी हिशेब तुटीचा होतो. आमच्या कित्येक शिवारांत बाग निम्म्या जमिनीवर आहे.

तूट कशी भरून काढिली? खोल जाऊन. माझ्या लहानपणीं चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीवर मोट चाले. मोटेस एक मोठा गुण होता: बैल थकत. विजेचा पंप थकत नाहीं. विहिरी आटल्या तशा बोअर आल्या, आणि बोअरचीं यंत्रें कातळांतल्या भेगा शोधीत आठशें-हजार फुटांपर्यंत गेलीं. तेथें जें पाणी लागतें तें या वर्षीच्या पावसाचें नव्हे. फार जुनी शिल्लक आहे ती, आणि कधीं भरेल याचा भरंवसा नाहीं. १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातले. पुढें २००९ चा भूजल कायदा आला. तो २०१४ पासून अमलांत आला, आणि त्यानें शेतीसाठीं साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई केली. साठ मीटर म्हणजे सुमारें दोनशें फूट. हजार फुटांची बोअर आणि दोनशें फुटांचा कायदा हे एकाच तालुक्यांत सुखानें नांदत आहेत. ज्या तालुक्यांत वर्षाच्या भरण्यापेक्षां उपसा अधिक असतो त्यास सरकारी दप्तरांत ‘अतिशोषित’ म्हणतात. वरूड व मोर्शी हीं नांवें त्या यादींत वर्षानुवर्षें आहेत.

कित्येकांस शंका येईल कीं, मोर्शीजवळ सिंभोरा येथें ऊर्ध्व वर्धेचें एवढें मोठें धरण असतांना वरूडास पाण्याचा तोटा कां? उत्तर सोपें आहे. धरण आमच्या खालच्या अंगास आहे, आणि पाणी उताराकडे जातें. कालवे खालच्या तालुक्यांत गेले, नळ अमरावतीस गेले. आमच्याकडे आहेत ते डोंगराच्या कुशींतले शेकदरीसारखे लहान तलाव. बाकी सारी भिस्त जमिनीच्या पोटांतल्या पाण्यावर.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीच्या कामांनीं बांधबंदिस्ती झाली. १९८३ पासून पाणलोट क्षेत्र हा शब्द सरकारी कागदांत रूढ झाला. १९९५ च्या सुमारास केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत गांवकऱ्यांच्या वर्गणींतून देखभालीसाठीं निधि साठवावा ही शहाणपणाची तरतूद होती. २०१४ च्या डिसेंबरांत जलयुक्त शिवार अभियान सुरू झालें. दरवर्षीं पांच हजार गांवें घेऊन २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करावयाचा हा त्याचा संकल्प. २०१६ च्या उन्हाळ्यांत पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, आणि त्या पहिल्या वर्षीं साऱ्या महाराष्ट्रांतून जे तीन तालुके निवडले त्यांत साताऱ्याकडील कोरेगांव व बीडकडील आंबेजोगाई यांच्या जोडीस आमचें वरूड होतें. पंचेचाळीस दिवस लोकांनीं कुदळ-फावडें हातीं घेऊन डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, नाल्यांत दगडी बांध घातले. शहरांत गेलेलीं मुलें सुट्टी काढून श्रमदानास आलीं. तो उत्साह खरा होता.

पुढें अटल भूजल योजना आली. सात राज्यांसाठीं सहा हजार कोटी रुपयांची, त्यांतील निम्में द्रव्य जागतिक बँकेच्या कर्जाचें, २०२० च्या एप्रिलपासून पांच वर्षांसाठीं आखलेली. महाराष्ट्राच्या तेरा जिल्ह्यांत ती लागू झाली व वरूड-मोर्शी त्यांत आले. या योजनेचा विशेष असा कीं, तिनें खोदकामापेक्षां मोजमापावर भर दिला. गांवानें आपला पाऊस मोजावा, विहिरींची पातळी मोजावी, जमाखर्च मांडून पाण्याचा ताळेबंद करावा, आणि परिणाम दिसेल त्या प्रमाणांत पुढचें द्रव्य मिळावें. माझ्या मतें आजवरच्या साऱ्या योजनांत हीच कल्पना सर्वांत योग्य होती.

आतां मुख्य मुद्द्यावर येतों. या सर्व योजनांची मुदत चार, पांच, फार तर सात वर्षांची. मुदतवाढ मिळते तीहि वर्ष-दोन वर्षांची, आणि तीहि बहुधा शिल्लक रक्कम संपविण्यासाठीं. खोऱ्याचें काम मात्र पांच वर्षांत संपणारें नव्हे. पहिलीं दोन वर्षें गांव एकत्र आणण्यांत व नकाशे काढण्यांत जातात. दोन वर्षें बांधकाम. पांचव्या वर्षीं हिशेब पूर्ण करून दप्तर बंद. त्यांत एखादें वर्ष अवर्षणाचें निघालें तर केलेल्या कामाचा गुण दिसावयासहि वेळ मिळत नाहीं. झाड लावावें, आणि त्यास आळें करावयाच्या वेळीं माळी कामावरून काढावा, तशी ही रीत आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्याचें उदाहरण घ्या. नाल्यांत खांब, खांबांस खांचा, आणि त्या खांचांत बसवावयाच्या फळ्या. यांस बरगे म्हणतात, हल्लीं ते लोखंडाचे असतात. पावसाळा ओसरतांच ऑक्टोबरांत बरगे घालावयाचे, फटी चिखलानें अगर रबरानें बुजवावयाच्या, आणि पुढच्या पावसापूर्वीं ते काढून ठेवावयाचे. घालण्यास पंधरा दिवस उशीर झाला तर पाणी निघून गेलेलें असतें. काढण्यास उशीर झाला तर पूर बंधाऱ्यास वळसा घालून कांठची शेतें खरवडून नेतो. म्हणजे या बंधाऱ्याचा प्राण सिमेंटांत नाहीं. वेळेवर बरगे घालणाऱ्या माणसांत आहे. आणि त्या माणसासाठीं योजनेंत कोठेंहि पैसा नसतो. आमच्याकडील एका गांवीं बरगे उघड्यावर पडून राहिले, निम्मे भंगारवाल्याकडे गेले. गांवकऱ्यांनीं संबंधित कचेरीकडे नवे मागितले तेव्हां मुदत संपल्यानें या शीर्षाखालीं तरतूद नाहीं असें उत्तर आलें. बांधण्यास लाखों रुपये होते, फळ्यांस नव्हते. खांब आजहि उभे आहेत, गुराख्यांचीं पोरें त्यांवरून उड्या मारतात.

डोंगरावरील चरांचें असेंच. दोनतीन पावसाळ्यांत ते मातीनें भरतात. खरें पाहतां भरणें हें त्यांचें कामच आहे. ती माती अडली नसती तर खालीं गेली असती. परंतु भरलेला चर पाणी मुरवीत नाहीं. तो पुन्हां उपसावा लागतो, त्याच्या बांधावर गवत व झाडें जगवावीं लागतात. लहान बंधाऱ्यांतील गाळाविषयीं वेगळें सांगावयास नको. गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार या नांवाची योजना २०१७ सालीं निघाली व पुढें पुन्हां चालू झाली. गाळाची जाण सरकारास आहे, सातत्य मात्र नाहीं.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं जलयुक्त शिवारचें परीक्षण केलें. त्यांचा अहवाल २०२० च्या सप्टेंबरांत विधिमंडळापुढें आला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनहि गांवें पाण्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण होण्यावर व भूजल पातळी वाढण्यावर अल्पच परिणाम झाला, असा त्याचा निष्कर्ष. तोंवर सरकार बदललें होतें व योजना थांबली होती. पुढें पुन्हां सरकार बदललें आणि २०२३ च्या आरंभीं तिचा दुसरा टप्पा निघाला. योजना चांगली कीं वाईट या वादांत मी शिरत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, मध्यें जीं तीन-चार वर्षें गेलीं त्यांत पाऊस थांबला नव्हता, गाळ थांबला नव्हता आणि पंपहि थांबले नव्हते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. शहरांतील करदाता म्हणेल, इतके कोटी खर्च होऊन पातळी वाढत नाहीं, तर पुन्हां मुदत कशासाठीं वाढवावी? शेतकऱ्याच्या खाजगी बागेस सार्वजनिक पैशानें पाणी कां पुरवावें? हा प्रश्न उर्मट म्हणून झिडकारणें योग्य नाहीं. आमच्या शाळेच्या विहिरींत दोरीस दगड बांधून सोडावयाचा आणि पाण्याची खोली वहींत टिपावयाची, हें काम वरच्या वर्गांतील मुलांकडून मी बरींच वर्षें करवून घेत असें. त्या वहींत एक गोष्ट सरळ दिसे. शिवारांत बांधबंदिस्तीचें काम झालें कीं पुढच्या एकदोन चांगल्या पावसांत पाणी वर येई. लोकांस धीर येई. धीर आला कीं नवी बाग लागे, नवी बोअर होई. आणि पाणी पूर्वीं होतें त्याच्याहि खालीं जाई. वाढलेलें पाणी नदीस मिळत नसे, शेजाऱ्यासहि मिळत नसे. ज्याची बोअर खोल त्यास मिळे. लहान शेतकऱ्याची विहीर प्रथम कोरडी पडे, आणि बोअरीचें कर्ज काढावयाचें तर तें त्याच्याच डोक्यावर अधिक जड. यासाठीं जर सरकारी साह्य वाढवावयाचें असेल तर आक्षेप घेणाराचेंच म्हणणें खरें.

त्यांत सरकारचें धोरणहि दुहेरी. एका खात्यानें पाणी मुरविण्यासाठीं कोटी खर्च करावे. दुसऱ्या खात्यानें २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत द्यावी. गरीब शेतकऱ्यास दिलासा मिळूं नये असें मी म्हणत नाहीं. कापसाचा व सोयाबीनचा भाव पाहिला तर तो दिलासा थोडाच आहे. परंतु वीज फुकट देतांना, अतिशोषित तालुक्यांत ती किती तास व किती खोलीच्या विहिरीस, हें न विचारणें म्हणजे हौद भरतांना तळाची तोटी उघडी ठेवणें होय.

म्हणून मुदत वाढवावी असें माझें स्पष्ट मत आहे. पण ती नव्या खोदकामासाठीं वाढवूं नये. साह्य लहान असावें आणि लांब असावें. पांच वर्षांत दहा कोटी देण्याऐवजीं तेच पंधरा-वीस वर्षांत द्यावे. आणि पहिल्या पांच वर्षांनंतरचा पैसा बरगे, गाळ, चर व मोजणी यांवर आणि वर्षभर हीं कामें पाहणाऱ्या माणसाच्या वेतनावर खर्चावा. मुदत सालावर मोजूं नये, विहिरींच्या पातळीवर मोजावी. आणि साह्याच्या बदल्यांत गांवानें एक वचन द्यावें: पातळी ठरल्या खुणेवर येईपर्यंत नवी बोअर नाहीं व नव्या जमिनीवर बाग नाहीं. जुनी बाग राखण्यास कोणाची हरकत नसावी.

हें अशक्य आहे असें पुष्कळ लोक म्हणतात. त्यांनीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरांतील, हिवरे बाजार पाहावें. तेथें १९९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें पाणलोटाचें काम झालें, पण गांव नांवारूपास आलें तें त्यापुढच्या संयमानें. शेतीसाठीं बोअर नाहीं, ऊस-केळीसारखें तहानलेलें पीक नाहीं, आणि पाऊस किती पडला तें मोजून त्या वर्षीचें पीक ठरवावयाचें, हा नेम त्यांनीं वर्षानुवर्षें पाळला. हिवऱ्याचा पाऊस आमच्यापेक्षां पुष्कळ कमी आहे. आमच्याकडे संत्र्यासारखें बारमाही झाड आहे, तें दर वर्षीं बदलतां येत नाहीं, ही आमची अडचण खरी. म्हणून तर आमच्याकडे संयम एका हंगामाचा असून भागणार नाहीं, आणि त्यास धरून राहणारें साह्यहि एका योजनेपुरतें असून चालणार नाहीं.

परदेशांतलें एक उदाहरण सांगतों. जर्मनींत एम्शर नांवाची नदी आहे. कोळशाच्या खाणींच्या मुलखांतून जातांना ती उघडें गटार बनली होती. तिला शुद्ध करण्याचें काम १९९२ सालीं हातीं घेतलें आणि २०२१ च्या अखेरीस तिच्यांत सांडपाणी जाणें पूर्णपणें थांबलें. तीस वर्षें लागलीं. तिचा रोग निराळा, देश श्रीमंत, हें मान्य; परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तीस वर्षें काम पाहणारी संस्था एकच होती, ती १८९९ सालीं स्थापन झालेली होती, आणि नदीचा उपयोग करणाऱ्या गांवांनीं व कारखान्यांनीं तिचा खर्च वांटून घेतला होता. वर्धेच्या खोऱ्यास असा एकच धनी नाहीं. माथा एका राज्यांत, पायथा दुसऱ्यांत. उतारावरचें जंगल वनखात्याचें, चर मृद्‌संधारणाचे, बंधारा कोणा तिसऱ्याचा, आणि विहिरीची नोंद चौथ्याकडे.

खर्च वांटून घेण्याची गोष्ट निघाली आहे तर अमरावतीकरांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सातपुड्याच्या उतारावरून सुटलेली माती जेथें थांबते तें ठिकाण म्हणजे सिंभोऱ्याचा जलाशय, आणि अमरावती शहर पाणी पितें तें त्याच जलाशयाचें. आमच्या चरांत अडलेली माती ही शहराच्या हौदांत न पडलेली माती आहे. शहराच्या पाणीपट्टींतील एखादा लहानसा वांटा वरच्या खोऱ्याच्या देखभालीस लाविला, तर तो दानधर्म होणार नाहीं. आपल्याच टाकीची झांकणी दुरुस्त केल्यासारखें होईल. शिवाय ज्याचा पैसा लागला तो हिशेब विचारतो, आणि आमच्या गांवांस हिशेब विचारणारा कोणी तरी हवाच आहे.

हिशेबाची रीत अवघड नाहीं. वर्षांतून दोन वेळां मोजणी पुरे: एक पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरांत, दुसरी मे महिन्याच्या अखेरीस. प्रत्येक शिवारांत माथ्यावरची, मधली व नदीकांठची अशा तीन विहिरी ठरवून घ्याव्या. त्यांतली निदान एक लहान शेतकऱ्याची असावी. शाळेंतील मुलांनीं मोजावें, ग्रामसेवकानें तपासावें. आंकडे गेल्या पांच वर्षांच्या आंकड्यांशेजारीं, गावांत नव्यानें झालेल्या बोअरींच्या संख्येसह, ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर तेलरंगानें लिहावे. संगणकांत ते जातातच, पण तेथें गांवांतील म्हातारीकोतारी माणसें पाहावयास जात नाहींत. ज्या गांवाची भिंत सलग दोन वर्षें कोरी राहील त्याचें साह्य तिसऱ्या वर्षीं थांबवावें, आणि तेवढी रक्कम त्याच नाल्यावरील खालच्या गांवाच्या बरग्यांसाठीं द्यावी.